अनुकरणाचा विवेक
यशस्वी पुरुषांच्या चरित्रांतून त्यांच्या कीर्तीचा तपशील मुखोद्गत करणे सोपे, परंतु त्यांच्या कार्यपद्धतीतले आपल्या उद्दिष्टास उपकारक काय आणि अपायकारक काय याची निवड करणे कठीण. आणि या विवेकाचा दाखला धोंडो केशव कर्वे यांच्याइतका स्वच्छ मला अन्यत्र आढळत नाही. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाचा आदर्श त्यांच्या डोळ्यांसमोर होता, किंबहुना तेथेच शिकलेल्या गोदूबाईंशी त्यांनी १८९३ साली पुनर्विवाह केला होता. तरीही १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम स्थापताना त्यांनी सदनाची केवळ नक्कल न करता, ज्या धर्मांतराच्या शंकेने हिंदू कुटुंबे तेथून दुरावली, तिला जागाच उरू नये अशी तजवीज केली. पुढे तोक्योच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका हाती आल्यावर स्त्रियांसाठी स्वतंत्र अभ्यासक्रमाची कल्पना त्यांच्या मनात दृढ झाली, आणि वयाची ५८ वर्षे उलटल्यावर, १९१६ साली, मातृभाषेतून शिकविणारे महिला विद्यापीठ त्यांनी पुण्यात सुरू केले. त्या विद्यापीठास सरकारदरबारी कायदेशीर मान्यता मिळण्यास मात्र १९५१ साल उजाडावे लागले.