मेंदूत 'फुगा' सापडला, पण फुटलेला नाही. सत्तरीनंतर ऑपरेशन करावे का?

गेल्या वर्षी ७४ वर्षांचे एक आजोबा मुलासोबत दवाखान्यात आले. चक्कर येते म्हणून मेंदूचा एमआरआय आणि अँजिओग्राफी झाली होती. चक्करेचे कारण कानात निघाले, पण रिपोर्टमध्ये एक ओळ जास्तीची होती: मेंदूच्या धमनीवर ४ मिलिमीटरचा ॲन्युरिझम. त्या एका ओळीने घर हादरले. आजोबांचे सकाळचे फिरणे बंद, नातवाला उचलणे बंद, रात्री कुणीतरी उशाशी जागे. मुलगा म्हणाला, "डॉक्टर, डोक्यात टाइम बॉम्ब आहे म्हणे. लगेच ऑपरेशन करून टाकू या का?"

'टाइम बॉम्ब' हा शब्द पूर्वी मीही वापरला आहे. आता वापरत नाही, कारण तो चुकीचा आहे. बॉम्ब ठरल्या वेळी फुटतोच. असे बहुतेक फुगे आयुष्यभर फुटत नाहीत.

ॲन्युरिझम म्हणजे काय?

धमनीची भिंत एखाद्या जागी कमकुवत होते आणि रक्ताच्या दाबाने तिथे फुगवटा येतो. साधारण शंभरातल्या तीन प्रौढांच्या मेंदूत तो असतो आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. हल्ली एमआरआय जास्त होतात, म्हणून तो जास्त सापडतो.

फुटला तर मात्र प्रकरण गंभीर असते. अशा रक्तस्रावात बरेच रुग्ण दगावतात, वाचलेल्यांपैकी अनेकांना अपंगत्व येते. म्हणून घरच्यांची भीती खोटी नाही. पण फुटण्याची शक्यता किती, हे आकार आणि जागेवर ठरते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात ज्यांना पूर्वी असा रक्तस्राव झालेला नव्हता, त्यांच्यात मेंदूच्या पुढच्या भागातील धमन्यांवरचा ७ मिलिमीटरपेक्षा लहान फुगा पाच वर्षांत एकाचाही फुटला नाही. मागच्या भागातल्या तशाच लहान फुग्यांत हे प्रमाण २.५ टक्के होते. जपानमधील २०१२ च्या अभ्यासात सर्व आकार मिळून वर्षाला सुमारे १ टक्का फुगे फुटले. म्हणजे धोका शून्य नाही, पण सगळ्यांना सारखाही नाही.

मग काढूनच का टाकू नये?

कारण उपचारालाही धोका असतो. कवटी उघडून फुग्याच्या तोंडाशी क्लिप लावतात, किंवा जांघेतल्या अथवा मनगटातल्या धमनीतून बारीक नळी नेऊन तारेच्या गुंडाळीने तो आतून भरतात. २०१९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा नळीच्या उपचारात सुमारे ५ टक्के आणि क्लिपच्या ऑपरेशनमध्ये सुमारे ८ टक्के रुग्णांना गुंतागुंत झाली होती. वय, मधुमेह, हृदयविकार असेल तर हा धोका वाढतो. शिवाय फुटण्याचा धोका पुढच्या अनेक वर्षांत विभागलेला असतो. ऑपरेशनचा धोका त्याच आठवड्यात समोर उभा राहतो. तिशीतल्या माणसाचा आणि पंचाहत्तरीतल्या माणसाचा हिशोब म्हणूनच वेगळा.

माझे मत स्पष्ट आहे: उतारवयात अचानक सापडलेल्या लहान फुग्यासाठी घाबरून ऑपरेशन करू नये. लक्ष ठेवणे हाही उपचारच आहे. मात्र फुगा मोठा असेल, वाढत असेल, आकार वेडावाकडा असेल, मागच्या भागात असेल, पूर्वी रक्तस्राव झाला असेल किंवा जवळच्या दोन नातेवाइकांना हा त्रास झाला असेल, तर गणित बदलते. निर्णय न्यूरोसर्जनशी बोलूनच घ्या. त्यांना विचारा: "माझ्या वयात, माझ्या तब्येतीत दोन्ही बाजूंचा धोका किती?"

लक्ष ठेवणे म्हणजे नेमके काय?

- बीपी रोज औषध घेऊन ताब्यात ठेवा. 'बरे वाटते' म्हणून गोळी बंद करू नका.
- विडी-सिगारेट आजच सोडा. तंबाखू आणि मशेरीही.
- सांगितलेल्या वेळी पुन्हा स्कॅन करा. सहसा पहिला सहा महिने ते वर्षभरात.
- ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर मनाने थांबवू नका.
- चाला, हसा, नातवंडांशी खेळा.

एक गोष्ट मात्र विसरू नका. आयुष्यात कधी झाली नाही अशी भयंकर डोकेदुखी क्षणात सुरू झाली, उलटी, मान आखडणे, शुद्ध हरपणे, किंवा अचानक एक पापणी खाली पडून दोन-दोन दिसू लागले, तर एक मिनिटही घरी थांबू नका. मोठे रुग्णालय गाठा.

त्या आजोबांना मी न्यूरोसर्जनकडे पाठवले. त्यांनीही थांबायला सांगितले. वर्षभराने स्कॅनमध्ये फुगा तेवढाच होता. एका रुग्णावरून नियम ठरत नाही, हे मला माहीत आहे. पण बीपी १७० वरून १३० वर आले, चाळीस वर्षांची विडी सुटली आणि सकाळचे फिरणे पुन्हा सुरू झाले. फुग्याच्या भीतीने त्यांचे फिरणे थांबले होते, तेच मला फुग्यापेक्षा जास्त काळजीचे वाटले होते.