पी हळद, हो गोरी!

बँकेतला माझा एक जुना सहकारी गेल्या वर्षी अचानक पिवळा पडला. डोळे, नखे सगळे हळदीसारखे. डॉक्टरांनी विचारले, ‘‘औषधे कोणती चालू आहेत?’’ ‘‘रक्तदाबाची एक गोळी. बाकी काही नाही.’’ गडी खोटे बोलला नव्हता. गुडघ्यांसाठी चार महिने रोज घेत असलेली कॅप्सूल त्याच्या हिशेबी औषध नव्हतीच. हळद ती! दुसऱ्या दिवशी वहिनींनी पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली, तेव्हा कुठे उलगडा झाला. काविळीच्या विषाणूंच्या तपासण्यांत काहीच निघाले नव्हते. कॅप्सूल बंद झाली, तरी यकृत ताळ्यावर यायला दोन महिने लागले.

हळदीवर आपली श्रद्धा आहे आणि ती उगाच नाही. बोट कापले की आधी हळदीचा डबा आठवतो. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट १९९५ साली अमेरिकेत दिले गेले, ते डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली ‘सीएसआयआर’ने लढून १९९७ साली रद्द करवले. मी तेव्हा पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते. पण त्या लढ्यात सिद्ध काय झाले? ही विद्या जुनी आहे, एवढेच. हळद कितीही खाल्ली तरी बाधत नाही, असा निवाडा कुणी दिला नव्हता.

आता थोडा हिशेब. जुनी खोड, जात नाही. हळदीत कुरक्युमिन असते साधारण ३ टक्के. म्हणजे ५०० मिलिग्रॅम कुरक्युमिनच्या एका कॅप्सूलमागे १६-१७ ग्रॅम हळद झाली. एवढी हळद आमटीत पडली तर घरातले ताटावरून उठतील! शिवाय नुसते कुरक्युमिन अंगी फारसे लागत नाही, म्हणून पुष्कळ कॅप्सूलमध्ये मिरीचा अर्क घालतात. त्यातल्या पायपेरिनमुळे ते शरीरात वीसपट मिळते, हे बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी १९९८ साली दाखवले. ही आजीची हळद नव्हे.

असे रुग्ण विरळाच, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेतल्या यकृततज्ज्ञांनी २००४ ते २०२२ या काळात दहा नोंदवले; त्यांतला एक दगावला. ऑस्ट्रेलियाच्या औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये सावधगिरीची सूचना काढली. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांनी किंवा पित्ताशयात खडे असलेल्यांनी तर विचारल्याशिवाय या वाटेला जाऊच नये. माझ्या मित्राच्या बाटलीवर पानाफुलांची नक्षी होती, ‘शंभर टक्के नैसर्गिक’ होते. यकृताबद्दल अवाक्षर नव्हते. ते ठळक अक्षरांत, मराठीत छापायला काय हरकत आहे?

निघताना वहिनींनी भीतभीत विचारले, ‘‘डॉक्टर, मग आमटीत हळद घालायची की नाही?’’

‘‘घाला की,’’ ते म्हणाले. ‘‘नेहमीसारखी, चिमूटभर.’’