जुन्या चालींची नवी बांधणी

स्कॉटलंडांत लोक व्हायोलिनलाच फिडल म्हणतात. त्या देशाच्या जुन्या फिडल-चाली आज सभागृहांत अनेक वाद्यांच्या मेळानें वाजविल्या जातात. या चालींस हात लावूंच नये, असें कित्येक म्हणतात. दुसरे कित्येक त्यांवर इतके अलंकार चढवितात, कीं मूळ चाल ओळखूं येऊं नये. आमच्या मतें हे दोन्ही पक्ष चुकतात.

पहिल्या पक्षास इतिहासच उत्तर देतो. पर्थशायरांतील इन्व्हर गांवचा प्रसिद्ध वादक नील गाऊ (1727–1807) नाचाच्या मेळाव्यांत फिडल वाजवी, तेव्हां त्याचा भाऊ डोनाल्ड सेलो या मंद्र आवाजाच्या वाद्यावर साथ करी. त्या काळच्या छापील संग्रहांतहि चालीखालीं मंद्र स्वरांची ओळ पुष्कळदां आढळते. तेव्हां साथ देणें म्हणजे परंपरा मोडणें नव्हे.

आतां दुसरा पक्ष. ‘स्ट्रॅथ्स्पे’ जातीच्या चालींत आंखूड स्वर अगोदर व लांब स्वर मागून, असा एक झटका येतो. पुष्कळ वादकांस एकत्र वाजवितां यावें म्हणून तो गुळगुळीत केला, तर स्वर उरतात, पण नाच जातो. तसेंच कित्येक चाली षड्जावरून एकदम खालच्या कोमल निषादावर उतरतात. तेथें नेहमींच्या नियमास अनुसरून पंचमाचा स्वरमेळ घुसडला, कीं त्यांचा रंग उडालाच.

मग बांधणी करणाऱ्यानें करावें तरी काय? चालीचे बहुधा दोन भाग असतात व ते पुनःपुन्हां वाजवावयाचे असतात. नाचांत ही पुनरुक्ति कंटाळवाणी होत नाहीं, कारण नाचणाऱ्यांचीं पावलें तिच्यांत जीव ओततात. सभागृहांत श्रोता स्वस्थ बसलेला असतो. ती उणीव भरून काढणें हेंच बांधणीचें खरें काम. प्रथम एकटें फिडल वाजावें, मग सेलो मिळावा, शेवटीं सर्व मेळ. आरंभीं संथ चाल, मग स्ट्रॅथ्स्पे, अखेर जलद ‘रील’, असा क्रम ठेविल्यास चालींतील एकहि स्वर न बदलतां रंग चढत जातो.

विद्यार्थिमित्रहो, कोणतीहि जुनी चाल नव्यानें बांधण्यापूर्वीं ती एकट्यानें वाजवून पाहा. तुमचा पाय आपोआप ठेका धरूं लागला, म्हणजेच साथ लिहावयास बसा. आणि साथ लिहून झाल्यावर तो ठेका थांबला, तर दोष साथीचा समजून ती खुशाल पुसून टाका.