एका आवर्तनाचा प्रश्न

‘यंत्राला आत्मा नसतो’ हे वाक्य ज्यानं कोणी पहिल्यांदा उच्चारलं, त्याच्या घरी मिक्सर नसणार. आमच्या घरच्या मिक्सरला आत्मा आहे, आणि तो अतृप्त आहे. पण मिक्सरला उद्देशून हे वाक्य कोणी म्हणत नाही. म्हणतात ते सिंथेसायझरला. त्या सिंथेसायझरसाठी आवाज घडवायचा एक प्रोग्रॅम मी मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांत बसून लिहितो आहे, ही बातमी सोसायटीत फुटल्यापासून हे वाक्य मला जिन्यात, लिफ्टमध्ये आणि भाजीवाल्याच्या गाडीपाशी ऐकावं लागतं. बोलणाऱ्याचा चेहरा असा, की जणू मी दुधात पाणी घालताना सापडलो आहे.

या मंडळींशी मला एकदाचं भांडायचं आहे. समोरासमोर भांडायची सोय नाही, कारण त्यांतले एक आमचे सेक्रेटरी आहेत आणि आमच्या बाथरूमच्या गळतीचा अर्ज त्यांच्या टेबलावर आहे. म्हणून हे लेखी.

आधी मी करतो काय, ते सांगतो. सूर म्हणजे हवेची थरथर, आणि ही थरथर एकच आकृती पुन्हा पुन्हा गिरवत असते. पेटीची काळी एक दाबा. एका सेकंदात ती आकृती २७७ वेळा गिरवली जाते. त्यांतली एकच उचलायची, तिची आकड्यांत नोंद करायची आणि यंत्राला सांगायचं, की बाबा रे, हीच फिरवत बस. हा झाला एका आवर्तनाचा तरंग. गवयांना आवर्तन म्हटलं की सोळा मात्रांचा त्रिताल आठवतो; आमचं आवर्तन सेकंदाच्या २७७व्या भागात समेवर येऊन मोकळं होतं. छापाच्या साडीसारखाच प्रकार. लाकडी ठसा वीतभरच असतो. साडी पाचवारी असो की नऊवारी, तोच उमटवत जायचं. आवाज गोड की चिरका, पेटीचा की सनईचा, हे ठशाच्या नक्षीवर अवलंबून. वरचा की खालचा, हे तो किती भराभर मारता त्यावर.

माझा प्रोग्रॅम म्हणजे हा ठसा कोरायची पटाशी. एका ठशात २०४८ आकडे. ते हातानं मांडता येतात, पण त्यात राम नाही. १९७९ साली ऑस्ट्रेलियात फेअरलाइट नावाचं यंत्र निघालं, त्याच्या पडद्यावर प्रकाशाच्या पेनानं तरंग चक्क चितारता येत असे. आमच्या भाच्यानं त्या धर्तीवर खिडकीतून दिसणाऱ्या येऊरच्या डोंगराची कडा पडद्यावर काढली. दिसायला अप्रतिम. आवाज डासाचा. डोंगर दुरून साजरे म्हणतात, ते कानांनाही लागू आहे.

शहाणा मार्ग दुसरा. फूरिए नावाच्या फ्रेंच गृहस्थांनी १८२२ मध्ये उष्णतेवर ग्रंथ लिहिला, त्यात हे गणित आहे: कुठलीही पुन्हा पुन्हा येणारी आकृती साध्या गोल लाटा एकमेकींत मिसळून बनवता येते. पहिली लाट मूळ सुराची, दुसरी तिच्या दुप्पट वेगाची, तिसरी तिप्पट. थोडक्यात मिसळणाचा डबा. तिसरीचं प्रमाण वाढवलं की वरच्या सप्तकातला पंचम वर येतो. पाचवीचं वाढवलं की त्याच्याही वरचा गंधार डोकावतो. तोच तो, तंबोऱ्यातला स्वयंभू गंधार, जो ऐकू आला की आमचे जाणकार डोळे मिटतात. माझ्या पडद्यावर तो डावीकडून पाचवी काडी आहे. डोळे उघडे ठेवूनही ऐकू येतो.

यात अडचणी नाहीत असं नाही. ठशाची उजवी कड डाव्या कडेला जुळली नाही, तर साडीवर सांधा दिसतो तसा आवाजात करकरीतपणा येतो. हेल्महोल्ट्झ या जर्मन पंडितानं १८६३ मध्ये दाखवलेली आणखी एक गंमत: त्याच लाटा, त्याच प्रमाणात, नुसत्या पुढेमागे सरकवल्या तर आकृती ओळखू न येण्याइतकी बदलते, पण कानाला फरक जवळजवळ कळत नाही. म्हणजे नुसता फोटो बघून तरंग पसंत करू नये. (आमच्या पिढीतली लग्नं कशी टिकली याचा यात काही खुलासा असावा.) सगळ्यांत मोठी कटकट वरच्या पट्टीची. संगणक सेकंदाला ४४,१०० आकडे वाजवत असेल, तर त्यात २२,०५०च्या वरची थरथर मावत नाही. काळी एकवर ७९ लाटा आरामात बसतात. दोन सप्तकं वर गेलात, की फक्त १९. न मावलेल्या लाटा गुपचूप निघून गेल्या तर काही म्हणणं नव्हतं. पण मुलुंडला उतरायचं राहून गेलेला माणूस जसा ठाण्याहून उलटा फिरतो, तशा त्या उलट्या फिरून खाली येतात आणि भलत्याच सुरावर बसतात. त्यांना वेळीच उतरवून देणं, हे माझं निम्मं काम. हे काम मी पहाटे करतो. आमची ही स्वयंपाकघरातून विचारते, “शिट्टी कुकरची झाली की तुमची?” आणि खालचे काका पाण्याचा पंप बिघडला म्हणून वॉचमनला उठवतात.

आता आत्म्याकडे येऊ.

मिरज हे तंबोऱ्यांचं गाव. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथला कारागीर भोपळा निवडतो, लाकूड तासतो, तारा चढवतो, आणि मग जव्हारी काढायला बसतो. म्हणजे काय करतो? ज्या घोडीवरून तारा जातात तिचा माथा कानसेनं किंचित घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. तारेखाली सुताचा धागा सरकवून ती घोडीला नेमकी कुठे शिवेल ते ठरवतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये यावर लिहिलं. पुस्तकी नियमाप्रमाणे तार जिथे छेडली तिथे स्थिर राहणारे उपस्वर मुळात उमटताच कामा नयेत. तंबोऱ्यात ते खणखणीत ऐकू येतात, आणि ही करामत त्या घासलेल्या घोडीची आणि त्या धाग्याची. म्हणजे हा कारागीर कुठला उपस्वर वर काढायचा आणि कुठला दाबायचा, तेच ठरवत असतो. मीही तेच ठरवतो. त्याची कानस माझ्या माऊसपेक्षा हजारपट शहाणी आहे, हे शंभरदा कबूल. पण त्याच्या कानशीतून आत्मा पडतो आणि माझ्या माऊसमधून फक्त वीज, ही वाटणी कोणी केली?

बरं, वाटणी करणारे स्वतः काय करतात? रोज सकाळी रियाजाला बसतात आणि तंबोऱ्याची डबी लावतात. इलेक्ट्रॉनिक तंबोरा १९७९ साली बंगळुरूला जन्माला आला. आता तर तो फोनमध्येच असतो, आणि फोन आला की थांबतो. खरा मिरजेचा तंबोरा घरोघरी कपाटावर गवसणीत आहे आणि दिवाळीला खाली उतरतो, तोही झाडण्यापुरता. डबीला आत्मा आहे. तो चालू-बंद करता येतो, एवढंच.

पेटीचं उदाहरण तर ताजं आहे. परदेशी वाद्य, मींड निघत नाही, श्रुती लागत नाहीत, म्हणून ऑल इंडिया रेडिओनं १९४० पासून १९७१ पर्यंत तिला दाराबाहेर ठेवलं. त्याआधीच गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी तिला नाटकात आणि मैफलीत मानाचं स्थान मिळवून दिलं होतं, तरीसुद्धा. आज पेटी शिकवणाऱ्या क्लासच्या पाटीवर ‘भारतीय परंपरा’ असं लिहिलेलं असतं. या हिशेबानं माझे तरंग साधारण २०९०च्या आसपास परंपरेत बसतील. मी घाईत नाही.

पण एका मुद्द्यावर आत्मावादी बरोबर आहेत, आणि तो त्यांना स्वतःला माहीत नाही. तंबोऱ्याचं एकच आवर्तन उचलून फिरवत ठेवलं, तर टेलिफोनचा डायल टोन ऐकू येतो. कारण छेडल्यापासून विरेपर्यंत तंबोऱ्याचे उपस्वर क्षणोक्षणी वरखाली होत असतात. त्याचा ठसा दर फेरीला थोडा बदलतो. पेटीची पत्ती मात्र भाता सारखा असेल तर एकच ठसा इमानानं मारते, म्हणून पेटी एका आवर्तनात छान सापडते. तंबोऱ्याला ठशांची माळ लागते, एकातून दुसऱ्यात हळूच सरकणारी. जर्मनीत वोल्फगांग पाम यांनी १९८०च्या सुमारास अशा माळा वाजवणारं यंत्र केलं. तेव्हा उणीव आत्म्याची नसून ठशांची आहे. ठसे मोजता येतात, कोरता येतात, आणि माझं खरं भांडण इथेच आहे. कोरतो कोण?

कोणी नाही. आपण निवडतो. दुकानातून कीबोर्ड आणतो, त्यात आवाजांची यादी असते, तिच्यातला एक दाबतो. यामाहासारखी जपानी कंपनी खास आपल्यासाठी पेट्या-सनया घातलेले कीबोर्ड काढते, आपण तिचे आभार मानतो, आणि अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत प्रत्येक हळदीला आणि प्रत्येक गणपतीत तीच सनई वाजते. तीच म्हणजे अक्षरशः तीच. वाजवणारा मुलगा बोटानं तयार असतो, बिचारा. पण त्या आवाजाचं पोट उघडून पाहावं, त्यातली एक काडी वरखाली करावी, असं त्याला कोणी सांगितलेलंच नाही. जो तबलजी शाईला ओरखडा गेला तर दोन दिवस जेवत नाही, तोच कीबोर्डवर ‘तबला ३’ मुकाट्यानं मान्य करतो. आत्म्याची काळजी करणाऱ्यांनी जरा इकडे बघावं. यंत्रानं आत्मा घालवला नाही. आपण तो तयार मसाल्याच्या पुडीत घेतला.

याच मुंबईत १९८२ साली चरणजित सिंग नावाच्या वादकानं रोलंडची तीन यंत्रं, ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८, एकमेकांना जोडून दहा रागांची एक तबकडी केली. ही यंत्रं रागांसाठी बनलेली नव्हती. चरणजितनी त्यांच्या खुंट्या पिळून पिळून भैरव आणि ललत काढले. तेव्हा त्या तबकडीकडे फारसं कोणी बघितलं नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि युरोपातल्या पोरांनी डोक्यावर घेतली, तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांना चरणजित सापडले. २०१५ मध्ये ते गेले. युरोपनं टाळी दिल्याशिवाय आपल्याला आपला आत्मा ऐकू येत नाही, ही तर जुनीच तक्रार.

मला पाहिजे ते फार नाही. मिरजेत आज जे हात जव्हारी काढतात, त्यांतल्या प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. कोणाची उघडी, कोणाची बंद, कोणाची मधली गोल. त्या प्रत्येकाचा तंबोरा छेडल्यापासून विरेपर्यंत आवर्तन-आवर्तन करून नोंदून ठेवावा. काळी एकचा स्वर दहा सेकंद घुमला तर २,७७० ठसे; साध्या संगणकाला हे काम दुपारच्या झोपेएवढंही नाही. तुणतुण्याचे घ्यावेत, एकतारीचे घ्यावेत, कोकणातल्या भजनी मंडळांच्या जुन्या पायपेट्यांचे घ्यावेत, ज्यांच्या पत्त्या आता ओळीनं मुक्या होत चालल्या आहेत. कारागिरानं कानस खाली ठेवली की त्याची तऱ्हा संपते. घोडी पुढच्या माणसाकडे गेली की तो ती पुन्हा घासतो, आणि आधीची नक्षी लाकडाच्या भुशाबरोबर केरात.

पेटीपासून मी सुरुवात केली आहे. आत्तापर्यंत चार पेट्या झाल्या. पाचवी त्याच काकांची, पंपवाल्यांची. त्यांची अट एकच होती, की आवाज काढून घेतल्यावर पेटीत काही कमी होता कामा नये. मी तसं लिहून दिलं आहे. सेक्रेटरींच्या सहीशिक्क्यासह.