अड्यारचा वड आणि मैलापूरचा मोगरा

मार्चअखेरीस चेन्नईला जायचे म्हटल्यावर शेजारणींनी एकच प्रश्न विचारला, "या दिवसांत? तिथे?" प्रश्न बरोबर होता. चेन्नईचा वसंत सकाळचे दोन-तीन तासच भेटतो. करंजाला पोपटी पालवी असते, समुद्रावरून वारा येतो. दहा वाजले की छत्री उघडावी लागते. पण ह्यांच्या कामासाठी दोन दिवस जायचेच होते आणि मी आईलाही बरोबर घेतले. बाबा गेल्यापासून ती घराबाहेर पडली नव्हती.

बागा सकाळी, देवळे संध्याकाळी, असा बेत केला. कॅथीड्रल रोडवरची सेम्मोळी पूंगा ही बाग २०१० साली खुली झाली. त्याआधी तिथे वुडलँड्सचे ड्राइव्ह-इन उपाहारगृह होते; गाडीत बसून डोसा खाल्लेले जुने मद्रासकर अजून हळहळतात. आईचे मत : "छान आहे, पण फारच विंचरलेली."

खरे पाहावे ते अड्यारला. थिऑसॉफिकल सोसायटीने १८८२ मध्ये नदीकाठची ही जागा घेतली. विस्तीर्ण, दाट सावलीचे आवार. (प्रवेशाच्या वेळा ठरावीक असतात, आधी विचारून जावे.) इथला वड सुमारे साडेचारशे वर्षांचा मानतात. १९८९ च्या वादळात त्याचे मूळ खोड कोसळले. झाड मात्र उभे आहे. पारंब्या जमिनीत रुजून इतक्या जाड झाल्या आहेत की मूळ खोड कुठे होते, हे विचारावे लागते.

आईनेही विचारले, रखवालदाराला, तिच्या हिंदीत. त्याने तमिळमध्ये काहीतरी सांगत मधल्या जागेकडे हात केला. ती बराच वेळ तिकडे पाहत उभी राहिली. चाळीस वर्षे वटपौर्णिमा केलेली बाई! गेल्या जूनमध्ये तिने सुताची गुंडी शेजारच्या काकूंना देऊन टाकली, तेव्हा मी काही बोलू शकले नव्हते.

"ह्याला फेऱ्या घालायच्या तर किती सूत लागेल गं?" असे म्हणून ती चक्क हसली.

दुसऱ्या दिवशी तंबू चेट्टी रस्त्यावरचे काळिकांबाळ मंदिर पाहिले. १६७७ च्या दक्षिण मोहिमेत शिवाजी महाराज इथे दर्शनाला आले होते, असे सांगतात. मराठी माणसाने ते चुकवू नये.

संध्याकाळी मैलापूरला कपालीश्वर. पंगुनी महिन्यातला, म्हणजे मार्च-एप्रिलमधला उत्सव साधला, तर ६३ शैव संतांच्या मूर्तींची मिरवणूक पाहायला मिळते. आम्हाला फक्त गर्दी मिळाली, आणि मोगरा. फुलवाली गजरा कोपरापासून बोटांपर्यंत हातावर मोजून देते. त्या मापाला मुळम म्हणतात. आईने दोन मुळम घेतले. एक माझ्या केसांत माळला, दुसरा पानात गुंडाळून पिशवीत ठेवला. देवाला असेल, असे मला वाटले.

रात्री गाडीत बसल्यावर पाहिले, तर तो तिच्या अंबाड्यात होता.