वाचकाची सही

मुलांनो, पुस्तक वाचून संपले म्हणजे आपण ते मिटून ठेवतो. आणि कोणी विचारलेच, तर ‘छान आहे’ किंवा ‘कंटाळवाणे आहे’ एवढे बोलून मोकळे होतो. लेखकाने ज्या पुस्तकासाठी महिनेच्या महिने खर्च केलेले असतात, त्याचा निकाल आपण एका शब्दात लावतो. हा निकाल फार स्वस्त आहे. पुस्तकाविषयी आपले मत ठरल्याशिवाय वाचन पुरे होत नाही. आणि ज्याच्या पाठीशी कारण नाही, त्याला मत म्हणता येत नाही, असे माझे स्पष्ट म्हणणे आहे.

यावर कोणी म्हणेल, “ग्रंथांची पारख करणे हे विद्वानांचे काम. मुलांनी किंवा खेड्यातील साध्या माणसांनी त्यात कशाला पडावे?” या शंकेचे उत्तर पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्याने सुमारे एकशे चाळीस वर्षांपूर्वीच देऊन ठेवले आहे.

महात्मा जोतीराव फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ तुम्ही नावाने ऐकला असेल. त्याचा उपोद्घात १८८३ सालचा आहे. शेतकरी कर्जात कसा बुडतो, सावकाराच्या आणि कचेरीच्या कात्रीत तो कसा सापडतो, हे जोतीरावांनी या ग्रंथात सांगितले आहे. त्या काळी खेड्यापाड्यांत अक्षरओळख असलेली माणसे थोडी होती. म्हणून एकाने वाचावे आणि अनेकांनी ऐकावे, अशी रीत होती. हा ग्रंथही असाच ठिकठिकाणी वाचला गेला. मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर इत्यादी ठिकाणच्या गृहस्थांनी तो ऐकला आणि तो खरा असल्याबद्दल आपल्या सह्या पाठविल्या, असे जोतीरावांनी उपोद्घातात नमूद केले आहे.

या सह्यांचे महत्त्व किती मोठे आहे, याचा विचार करा. ऐकणारे लोक काही पदवीधर पंडित नव्हते. परंतु ज्या गोष्टीविषयी तो ग्रंथ बोलत होता, ती गोष्ट त्यांनी भोगली होती. १८७५ साली सुपे येथे सावकारांविरुद्ध दंगा उसळला आणि त्याचे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. पाठोपाठ १८७६ ते १८७८ या काळात भीषण दुष्काळ पडला. कर्जरोख्यावर अंगठा उठविणे म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक होते, त्याच्याहून अधिक चांगला परीक्षक या ग्रंथाला कोठे मिळाला असता?

येथे एक आक्षेप घेता येईल. आपल्या मनासारखे लिहिले आहे म्हणून तर त्या लोकांनी सह्या केल्या नसतील? हा आक्षेप रास्त आहे. आवडलेले सगळेच खरे नसते. पुस्तक आपली बाजू घेते, एवढ्यावरून ते चांगले ठरत नाही. म्हणूनच सही करणाऱ्याने स्वतःला विचारले पाहिजे, ‘हे मला नुसते गोड वाटते, की मी स्वतः पाहिलेल्या गोष्टीशी जुळते?’ जुन्नर-ओतूरच्या माणसांपाशी या दुसऱ्या कसोटीची साधने होती, म्हणून त्यांच्या सहीला वजन आहे.

आता याच काळातील दुसरा वाचक पाहा. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी १८७४ साली ‘निबंधमाला’ हे मासिक सुरू केले, तेव्हा त्यांच्या वयाला पंचवीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांचे वाचन अफाट होते आणि भाषा धारदार होती. मराठी ग्रंथांची कसून परीक्षा करावी, ही गोडी त्यांनी वाचकांना लावली. हे त्यांचे ऋण आपण मान्य केले पाहिजे. परंतु जोतीरावांच्या लेखनाची परीक्षा करताना त्यांची दृष्टी भाषेच्या आणि व्याकरणाच्या दोषांवर खिळून राहिली, आणि त्या दोषांचा त्यांनी उपहास केला. जोतीरावांचे ‘गुलामगिरी’ हे १८७३ सालचे पुस्तक मात्र आजही वाचले जाते. कारण त्यातील वेदना शुद्धलेखनाच्या चुकांपेक्षा मोठी होती. भाषेचे दोष दाखवू नयेत असे नव्हे. पण पुस्तक काय सांगते हे पाहण्याआधीच जो त्याच्या काना-मात्रांत अडकतो, त्याची विद्वत्ताही त्याला अन्यायापासून वाचवू शकत नाही.

तिसरे उदाहरण बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे आहे. ‘मंजुघोषा’, ‘मुक्तामाला’ यांसारख्या कादंबऱ्या त्या काळी आवडीने वाचल्या जात. ताराबाईंनीही त्या वाचल्या. परंतु सगळे वाहवा करतात म्हणून त्यांनी मान डोलावली नाही. १८८२ सालच्या ‘स्त्रीपुरुषतुलना’ या पुस्तकात त्यांनी विचारले, की या कथांतून रंगविलेल्या स्त्रिया खऱ्या स्त्रियांसारख्या आहेत काय? हा प्रश्न विचारण्यासाठी त्यांना कोणाची परवानगी लागली नाही. स्त्रीचे जगणे त्या स्वतः जगत होत्या, हाच त्यांचा अधिकार होता.

असा अधिकार तुमच्यापाशीही आहे. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील मुलांना उसाच्या फडात वावरणारा बिबट्या ठाऊक आहे. बिबट्या केवळ घनदाट अरण्यात राहतो, असे एखाद्या गोष्टीत लिहिले असेल, तर ‘हे अपुरे आहे’ असे म्हणण्यास ही मुले समर्थ आहेत. आंबेगाव तालुक्याला ज्या गावावरून नाव मिळाले, ते जुने आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. धरण म्हणजे केवळ वरदान, असे सांगणारे पुस्तक ज्याच्या आजोबांचे घर त्या पाण्याखाली आहे, त्याने वाचले तर तो काय म्हणेल? आणि त्याच पाण्यावर ज्याचे शेत हिरवे झाले, तो काय म्हणेल? दोघांनीही बोलले पाहिजे आणि एकमेकांचे ऐकलेही पाहिजे. एका पुस्तकाविषयी दोन प्रामाणिक मते असू शकतात.

अधिकार म्हटला म्हणजे जबाबदारी आलीच. पुस्तक अर्धवट वाचून निकाल देऊ नये. लेखकाला काय सांगायचे आहे, ते आधी त्याच्या बाजूने सांगून पाहावे. मग आपले मत द्यावे. पुस्तक आवडले तर कोणत्या पानावर आवडले, आणि नावडले तर कोणत्या वाक्याला अडखळलो, हे दाखवावे. जे आपल्याला मुळीच ठाऊक नाही, त्याविषयी लेखकाला खोटे ठरविण्याची घाई करू नये. आधी कोणा जाणत्याला विचारावे. मित्राने वाईट म्हटले म्हणून वाईट आणि गुरुजींनी चांगले म्हटले म्हणून चांगले, अशी उसनवारी तर मुळीच नको.

यासाठी एक साधी वही पुरे. पुस्तकाचे नाव, लेखकाचे नाव, वाचून संपल्याची तारीख आणि त्याखाली आपल्या मनाच्या पाच-सात ओळी. आजकाल एखाद्या पुस्तकाला चार-दोन चांदण्या देऊन लोक पुढे जातात. परंतु चांदण्यांची बेरीज करून पुस्तक कळत नाही. तुमच्या त्या पाच-सात ओळी दोन वर्षांनी पुन्हा वाचाल, तेव्हा काही मते तशीच पक्की राहिलेली दिसतील आणि काही बदललेली. मत बदलले तर त्यात लाज कसली? आपण वाढलो, याची ती खूणच होय.

मंचरच्या बाजारात कांदा घेणारा व्यापारी तो हातात घेऊन, दाबून, पाहून मगच भाव बोलतो. पोटात जाणाऱ्या वस्तूची आपण इतकी पारख करतो. मग जी गोष्ट मनात जाऊन जन्मभर राहणार, तिची पारख न करता ती आत कशी घ्यावी? म्हणून मुलांनो, वाचा आणि आपले मत कारणासह लिहा. मग त्याखाली आपल्या नावाची सही करा. मात्र जे पटले असेल, त्याखालीच करा.