कॅसिओतला सातपुडा पुसू देऊ नका

सातपुड्याच्या पायथ्याशी शहादा तालुक्यात लगीनसराई सुरू झाली की पिकअप गाडीवर बँड चढतो. मागे जनरेटर, दोन्ही बाजूंना स्पीकरचे खोके, मध्ये कॅसिओवाला आणि त्याला खेटून ऑक्टापॅडवाला. कीबोर्ड कुठल्याही कंपनीचा असला तरी आपल्याकडे तो कॅसिओच. ही गाडी रात्रभर गाव नाचवते आणि पहाटे पुढच्या लग्नाला निघून जाते. त्या संगीताला आपण 'लग्नातला आवाज' म्हणून सोडून देतो. मला ते मान्य नाही. हे इलेक्ट्रॉनिक संगीत आहे. ते इथल्या आदिवासी कलावंतांनी, कुठल्याही संगीत विद्यालयात न जाता, स्वतःच्या कानावर उभं केलं आहे. आणि ते आपल्या डोळ्यांदेखत पुसलं जात आहे.

या कामात किती कसब आहे ते आधी पाहा. दुधी भोपळा आणि बांबूची पावरी अखंड सूर धरते. तिचे स्वर पेटीच्या पट्ट्यांशी जुळत नाहीत; दोन पट्ट्यांच्या मधल्या जागांत ते राहतात. कारखान्यातून आलेल्या कीबोर्डमध्ये पावरीचा टोन नसतो. मग वादक सनईजवळचा एखादा टोन घेतो, त्याची सुरुवात जरा धारदार करतो, कंप कमी-जास्त करतो आणि उजव्या हातानं सूर वाजवताना डाव्या हातानं चाक फिरवून तो सूर हवा तिथं वाकवतो. ढोल आणि मांदळाचे ठोके पॅडच्या आठ चौकोनांवर वाटून घ्यायचे, कुठला काठी मारल्यासारखा वाजेल आणि कुठला तळव्यानं दाबल्यासारखा हे ठरवायचं, हेही असंच ऐकून ऐकून. परदेशात विद्यापीठांच्या स्टुडिओंत या कामाला ध्वनिरचना म्हणतात आणि त्यावर प्रबंध लिहितात. आपल्याकडे ते करणाऱ्याला हंगामाचे पैसे मिळतात आणि हंगाम संपला की त्याला कुणी विचारत नाही.

पण हे सगळं टिकत नाही. बँडवाला नवा कीबोर्ड घेतो तेव्हा जुना विकतो, आणि वर्षानुवर्षं घासून तयार केलेले टोन त्याच्याबरोबर जातात. बऱ्याच जुन्या यंत्रांत आठवण धरून ठेवणारी बटणाएवढी बॅटरी असते. ती संपली की भरलेलं सगळं कोरं होतं. त्याआधीच्या पिढीचं संगीत कॅसेटवर आहे: सोंगाड्या पार्ट्यांचे रात्रभराचे खेळ, होळीचे ढोल, लग्नातली भिली आणि पावरी भाषांतली गाणी. त्यानंतरची पिढी मोबाइलच्या मेमरी कार्डवर आहे, दुकानात गाणी भरून घेतलेली, वादकाचं नाव नसलेली, दाबून दाबून आवाज पातळ झालेली. कार्ड बिघडतं तेव्हा आधी खूणही देत नाही. कॅसेट निदान हळूहळू मरते: फितीवरचा लेप सुटतो, बुरशी धरते, पावसाळ्यानंतर ती चिकटते.

संगीत असं कुठं हरवतं का, असं विचारणाऱ्यांनी शेजारच्या गुजरातकडे पाहावं. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली देशातला पहिला इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा राहिला. गीता साराभाई यांच्या पुढाकारानं अमेरिकेहून मूग सिंथेसायझर आला, तो बसवायला संगीतकार डेव्हिड ट्यूडर आला. आय. एस. माथूर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी तिथं टेपवर रचना केल्या. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीलाच ते काम थांबलं आणि टेपा संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. २०१७ साली लंडनचा कलावंत पॉल पर्गस तिथं पोहोचला, त्यानं त्या शोधून काढल्या, आणि २०२३ साली त्यांतल्या रचना प्रसिद्ध झाल्या. मधली चाळीसहून अधिक वर्षं हिंदुस्थानात असं काही झालंच नाही असं लोक मानत होते. त्या टेपा निदान एका पक्क्या इमारतीत होत्या. आपल्या कॅसेटी पत्र्याच्या छपराखाली, उन्हाळ्यात चाळिशीपार तापणाऱ्या खोल्यांत आहेत. त्यांना चाळीस वर्षं मिळणार नाहीत.

महाराष्ट्रात याचं उत्तरही आहे, आणि ते मला फार मोलाचं वाटतं. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांना येऊन मिळाला बर्नार्ड बेल, मूळचा संगणकाचा माणूस. त्यानं ओव्यांची नीट नोंदणी बांधली, ध्वनिमुद्रणं केली. आज त्या ओव्या 'परी' या संकेतस्थळावर गाणाऱ्या बाईच्या आणि गावाच्या नावासह ऐकता येतात. याच बेलनं १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जेम्स किपनबरोबर 'बोल प्रोसेसर' तयार केला होता. लखनौच्या तबलियांकडून 'कायदा' या तबल्यातल्या रचनाप्रकाराचे नियम समजून घ्यायचे, ते संगणकाला द्यायचे, संगणकानं नवे पलटे काढायचे आणि उस्तादांनी सांगायचं की हा चालेल, हा चालणार नाही. यंत्र शिकाऊ, माणूस गुरू. जपणूक आणि संशोधन ही दोन वेगळी खाती नाहीत, हे त्या एका माणसाच्या कामातून दिसतं.

आता हेच ढोलाबाबत करून बघा. काठी गावच्या होळीला जाणाऱ्या जाणत्या ढोलवाल्याला विचारून ठोक्यांचे नियम लिहून काढावेत, आपल्या मुलांनी त्यांचा प्रोग्राम करावा आणि निकाल त्या ढोलवाल्यानं द्यावा. बार्सिलोनाच्या विद्यापीठातून 'कॉम्पम्युझिक' नावाचा मोठा प्रकल्प २०११ पासून काही वर्षं चालला. त्यात हिंदुस्थानी आणि कर्नाटकी संगीत आलं, तुर्की मकाम आलं, चिनी ऑपेरा आला. आपल्याकडून आयआयटी मुंबईचे संशोधक त्यात होते. सातपुडा त्यात नव्हता. संगणकाला जे ऐकवलं जातं तेवढंच त्याला कळतं. उद्या यंत्रं गाणी रचतील तेव्हा त्यांच्या कानात पावरीचा सूर असावा असं वाटत असेल, तर तो आज आपणच नीट मुद्रित करायला हवा.

म्हणून बँडमालकांना हात जोडून विनंती: जुना कीबोर्ड विकण्याआधी त्यातले टोन आणि ताल पेनड्राइव्हवर काढा. काढता येत नसतील तर एकेक टोन, एकेक स्वर, गाण्याशिवाय सुटा वाजवून रेकॉर्ड करा. घरात कॅसेट असेल तर ती कुठल्याही जुन्या टेपमध्ये घालून बघू नका; फीत अडकली की तुटते. बुरशी दिसली तर वेगळी, कोरड्या जागी ठेवा. डब्यावर कुणी वाजवलं, कुठल्या गावात, कुणाच्या लग्नात, आठवेल ते लिहा. आदिवासींच्या लढ्याचे नेते अंबरसिंग सुरतवंती यांच्या काळातल्या, श्रमिक संघटनेच्या सभांमधल्या गाण्यांचं कुणाकडे काही मुद्रण उरलं असेल, तर ते आधी पुढं आणा.

शहाद्याच्या आणि लोणखेड्याच्या महाविद्यालयांनी एक खोली द्यावी. हेड स्वच्छ केलेला एक चांगला कॅसेट डेक, एक ऑडिओ इंटरफेस, एक संगणक आणि दोन वेगवेगळ्या जागी ठेवलेल्या हार्ड डिस्क, एवढ्यावर काम सुरू होतं. प्रत घ्यायची ती २४ बिटची, न दाबलेली, एमपी३ नव्हे. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठानं संगणकशास्त्राच्या आणि लोकसाहित्याच्या विद्यार्थ्यांना याचे प्रकल्प द्यावेत.

एका गोष्टीत मात्र तडजोड नको. हे संगीत ज्यांचं आहे त्यांच्या लेखी संमतीशिवाय एकही गाणं बाहेर जाऊ नये. मरणाची, देवाची गाणी समाज म्हणेल तर बंदच राहावीत. वादकाचं नाव प्रत्येक फाइलवर असावं आणि पैसे आले तर ते त्याच्या घरी जावेत. संमतीचा कागद मराठीत, भिलीत आणि पावरीत लिहायला घ्या. लगीनसराई संपली की बँडवाले मोकळे होतात, तेव्हा तो तयार हवा.